कॅमेऱ्याकडे बघून नाडी सांगणारं अॅप : बाबांच्या फोटोचे ठोके ७२

जुनी_चाळ | रविवार, रात्री १०:५२

थट्टा करायची असेल तर करा, मीही कालपासून हसतेच आहे. पण प्रश्न खरा आहे.

आई काळाचौकीला एकटी राहते. वय ७३, बीपीची गोळी आठ वर्षांपासून चालू. मी ऐरोलीला. रोज जाणं होत नाही, त्यामुळे फोनवर "बरी आहेस ना?" आणि तिकडून "मला काय धाड भरलीये" एवढ्यावर भागतं. भावाने दिवाळीत मनगटावरचा पट्टा आणून दिला होता. भाकरी थापताना काढ, भांडी घासताना काढ, असं चार दिवस चाललं आणि पट्टा कपाटात गेला. अजून तिथेच आहे, डब्यासकट.

गेल्या महिन्यात विमा कंपनीच्या अॅपमध्ये नवी सोय दिसली. फोन समोर धरायचा, ३० सेकंद न हलता कॅमेऱ्याकडे बघायचं. अंगाला काही लावायचं नाही. मग नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन आणि 'ताण' असे पाच आकडे येतात. आईला हे पटलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ती फोनसमोर बसते आणि मला स्क्रीनशॉट पाठवते (शेजारच्या मुलाने शिकवलं). तीन आठवडे नाडी ७२, ७१, ७२, ७३. खाली हिरव्या अक्षरांत 'उत्तम'. मी निर्धास्त.

काल संध्याकाळी मी तिकडे होते. भाचा फोनशी खेळत होता, त्याने तो भिंतीकडे वळवला. भिंतीवर बाबांचा फोटो, काचेच्या चौकटीतला, चंदनाचा हार घातलेला. अॅपने चेहरा पकडला, वर्तुळ हिरवं झालं, ३० सेकंद मोजून झाले.

नाडी ७२. ताण : कमी.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

हे सगळंच थोतांड आहे, की आमच्या फोनचा काही घोळ? आणि आईच्या आकड्यांचं मी काय करू?

---

टवाळ_पोपट | रविवार, रात्री ११:०५

ताण कमी असणारच. हप्ते नाहीत, लोकल नाही.

---

निळी_छत्री | रविवार, रात्री ११:११

पोपटराव :D

धागा महत्त्वाचा आहे. माझे सासरेही हेच वापरतात. वाचतेय.

---

चष्मेबहाद्दर | रविवार, रात्री ११:४०

थोतांडच. नाडी बघायला वैद्य तीन बोटं मनगटावर ठेवत आले. चेहरा बघून नाडी सांगायची तर उद्या टाळू बघून गुडघेदुखी सांगतील. काढून टाका.

---

सोल्डरिंग_काका | सोमवार, पहाटे ५:५० (डोंबिवली, जलद गाडीची वाट बघताना)

चष्मेबहाद्दर, थोतांड नाही हो. तत्त्व पक्कं आहे, त्याच्यावर बांधलेली इमारत मात्र काही ठिकाणी पोकळ आहे.

प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढतं, मग ओसरतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. त्यामुळे ठोका पडला की चेहऱ्यावरून परत येणारा हिरवा प्रकाश अगदी कणभर कमी होतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. प्रकाशाने नाडी टिपायची कल्पना जुनी आहे, हर्ट्झमन यांनी १९३७ मध्ये बोटांवर प्रकाश टाकून हेच केलं होतं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावलेला चिमटा त्याच घराण्यातला. २००८ मध्ये वेरक्रॉइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वेगळा दिवाही लागत नाही, खोलीतला उजेड आणि साधा कॅमेरा पुरतो, आणि सर्वांत स्पष्ट ताल हिरव्या रंगात मिळतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या पो, मॅकडफ आणि पिकार्ड यांनी लॅपटॉपच्या वेबकॅमवर करून दाखवलं. २०१२ चा एमआयटीचाच तो व्हिडिओ काहींनी पाहिला असेल, ज्यात माणसाचा चेहरा ठोक्यागणिक लाल-फिका होताना दिसतो. तिथे रंगातला तोच कणभर फरक गणिताने फुगवलेला आहे.

अडचण 'कणभर' या शब्दात आहे. कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात उजेडाच्या ० ते २५५ पायऱ्या असतात. ठोक्याने त्यातली जेमतेम एक पायरी हलते, कधी तीही नाही. म्हणून कपाळाचे आणि गालांचे हजारो ठिपके एकत्र करून सरासरी काढतात आणि तिच्यात मिनिटाला साधारण ४२ ते २४० वेळा होणारी हालचाल शोधतात. माणसाची नाडी त्याच पट्ट्यात असते. आता त्या पट्ट्यात दुसरं काही तालात हललं, तर बिचाऱ्या गणिताला काय कळणार ते रक्त आहे की आणखी काही?

म्हणून विचारतो : त्या खोलीत पंखा कुठे आहे आणि ट्यूब कुठे?

गाडी आली. उभ्यानेच टंकतोय, चुका पोटात घाला.

---

जुनी_चाळ | सोमवार, सकाळी ९:२०

काका, दहा बाय सोळाची खोली. तुळईला ट्यूब, तिच्या जरा खाली पंखा, तीन पात्यांचा, बाबांनी घेतलेला. आई ट्यूबखाली बसते. फोटो समोरच्या भिंतीवर. रेग्युलेटर कायम ४ वर.

आता तुम्ही पंखा म्हणणार ना?

---

सोल्डरिंग_काका | सोमवार, दुपारी १:३५

म्हणणारच.

उजेड कमी असला की बरेच फोन सेकंदाला ३० ऐवजी १५ चित्रं काढतात, म्हणजे प्रत्येक चित्राला जास्त उजेड मिळतो. १५ म्हणजे मिनिटाला ९००. आता तुमचा पंखा ट्यूबच्या खाली आहे, म्हणजे प्रत्येक पातं चेहऱ्यावरून हलकीशी सावली नेतं. पंखा मिनिटाला ३२४ फेरे घेत असेल तर तीन पात्यांच्या ९७२ सावल्या. कॅमेरा ९०० वेळाच डोळा उघडतो. त्याला या सावल्या ९७२ दिसत नाहीत, वरचा फरक तेवढा दिसतो : ७२.

सिनेमात पुढे धावणाऱ्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार.

ट्यूब बहुतेक निर्दोष आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १५ च्या कॅमेऱ्यात त्याचा खोटा ताल मिनिटाला ३०० येतो, तो पट्ट्याच्या बाहेर. पण कॅमेऱ्याचा वेग वेगळा असेल तर ट्यूबही असाच दगा देते. ऑक्सफर्डच्या तारासेन्को यांच्या गटाने २०१४ मध्ये डायलिसिसच्या रुग्णांवर कॅमेऱ्याने नाडी मोजली, तेव्हा दिव्यांच्या लुकलुकण्यातून येणारे खोटे ताल गाळायला त्यांना वेगळी पद्धत बसवावी लागली. तिकडची वीजही ५० हर्ट्झचीच.

पुन्हा गेलात की दोन गोष्टी करा. त्याच जागी साधा व्हिडिओ काढा आणि माहितीत सेकंदाला किती फ्रेम आहेत ते बघा. मग रेग्युलेटर फिरवत फोटोची नाडी मोजा.

---

टवाळ_पोपट | सोमवार, दुपारी १:५०

"रेग्युलेटर फिरवत फोटोची नाडी मोजा." संस्थळाच्या इतिहासातलं सर्वांत भारी वाक्य. वाचनखूण साठवली.

---

सावळा_गोंधळ | सोमवार, दुपारी ३:१५

पंखा नसलेल्या घरांसाठीही अडचण आहे, ती माझ्या नावातच.

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषतं. त्वचा जितकी गडद, तितका कमी प्रकाश रक्तापर्यंत जाऊन परत येतो, आणि मुळात कणभर असलेला फरक आणखी बारीक होतो. त्यातून संशोधनासाठी जमवलेले बरेच व्हिडिओ गोऱ्या लोकांचे. त्यांच्यावर तासून काढलेलं गणित आपल्याकडे कसं चालेल, हे कंपनीने आपल्याच माणसांवर तपासून सांगायला हवं.

हे फक्त कॅमेऱ्याचं दुखणं नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल २०२० मध्ये अमेरिकेतल्या शोडिंग आणि सहकाऱ्यांनी मांडलं की रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात घसरलेला असूनही यंत्र 'ठीक' दाखवतं, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा झालं. अंगाला चिकटून बसणाऱ्या, वर्षानुवर्षं मुरलेल्या यंत्राची ही गत, तर हातभर लांबून बघणाऱ्या फोनची काय असेल?

आमच्या घरी ताईचा आकडा येतो, माझ्यावर "उजेडात या" असं येतं. खिडकीत बसूनही.

---

निळी_छत्री | सोमवार, दुपारी ४:०२

आणि रक्तदाब? सासऱ्यांचा रोज १२८/८२ येतो, ते त्यावर खूष होऊन लोणचं खातात.

---

सोल्डरिंग_काका | सोमवार, रात्री ८:४५

अॅपने सुरुवातीला वय, उंची, वजन विचारलं होतं का? मी आमच्याकडचं एक तपासलं. वय ६१ टाकलं तर १३४/८६. तोच चेहरा, तीच खुर्ची, वय २५ टाकलं तर ११८/७६. म्हणजे माझा रक्तदाब माझ्या जन्मतारखेवरून काढला जात होता.

नाडी म्हणजे ताल, तो नीट दिसला तर मोजता येतो. रक्तदाब हा वाहिनीतला जोर आहे, रंगाच्या बदलातून तो थेट दिसत नाही, आडून अंदाज बांधावा लागतो. ऑक्सिजनचंही तसंच. ऑक्सिमीटर दोन प्रकाश वापरतो, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त, आणि दोन्ही किती शोषले गेले त्याचं गुणोत्तर काढतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांची ही युक्ती, १९७४ ची. फोनच्या कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी मुद्दाम बसवलेली असते, नाहीतर फोटोंचे रंग बिघडतात. मग दुसरा प्रकाश आणायचा कुठून?

सासऱ्यांना दंडाला पट्टा बांधायचं यंत्र आणा आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवा.

---

चष्मेबहाद्दर | सोमवार, रात्री ९:३०

तत्त्व खरं आहे हे मान्य. शब्द मागे.

पण एक कोणीच विचारत नाहीये. हे अॅप विमा कंपनीचं. आईंचा चेहरा, रोजचा, घरातला, कंपनीकडे जातोय. व्हिडिओ फोनवरच तपासून पुसला जातो की कुठे साठतो? उद्या हप्ता ठरवताना 'ताण : जास्त' कामाला आला तर? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमती मागायला लावतो, पण काळाचौकीच्या आजी 'मला मान्य आहे' दाबण्याआधी अठरा पानं वाचणार आहेत का? आणि १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीचं सॉफ्टवेअरही आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांत धरतात. त्यातून निसटायला तळाशी एक ओळ असते, 'फक्त सर्वसाधारण माहितीसाठी'. बघा, तुमच्याही अॅपमध्ये असेल.

---

जुनी_चाळ | मंगळवार, रात्री ११:२०

आज ऑफिसमधून थेट आईकडे गेले. ओळ आहे. राखाडी, मुंगीएवढी.

व्हिडिओ : सेकंदाला १५ फ्रेम.

बाबांचा फोटो, पंखा ४ वर : ७२.
पंखा ५ वर : १०५.
पंखा ३ वर : "कृपया हलू नका."
पंखा बंद : "कृपया हलू नका."

मग आईला बसवलं. ४ वर ७२, ५ वर १०४. म्हणजे तीन आठवडे मी पंख्याची तब्येत बघत होते.

हसू येत नाहीये आता.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:४८

मी निवृत्त स्टाफ नर्स, महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं. सहसा इथे फक्त वाचते.

बाळा, पंख्याचं राहू दे. आईची खरी नाडी किती आहे? तू तिथेच आहेस ना? त्यांना पाच मिनिटं शांत बसव. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तुझी तीन बोटं हलकी ठेव. अंगठा ठेवू नकोस, त्याला स्वतःचा ठोका असतो. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोज. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नकोस, मध्येच ठोका चुकत असेल तर कळत नाही.

आणि बीपीची गोळी कुठली? नावाच्या शेवटी 'लोल' आहे का?

---

टवाळ_पोपट | मंगळवार, रात्री ११:५१

लोल? :D

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५३

हो, लोल. मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल. त्या गोळ्या नाडी मंदावतात. हसू नकोस.

---

जुनी_चाळ | बुधवार, रात्री १२:१६

४८. पुन्हा मोजली, ५०. गोळी मेटोप्रोलोल.

आत्ता बोलता बोलता म्हणते, गेले आठ-दहा दिवस सकाळी अंथरुणातून उठताना भोवंडतं. मला सांगितलं नाही, कारण "पित्त असेल, आणि तुझ्या त्या फोनात उत्तमच येतंय की."

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री १२:२०

आज तिथेच झोप. चक्कर वाढली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा शुद्ध हरपल्यासारखं वाटलं तर १०८ ला फोन कर, सकाळची वाट बघू नकोस. नाहीतर सकाळी पहिल्यांदा डॉक्टर. पुढची गोळी घ्यायच्या आधी त्यांना विचार, आपल्या मनाने बंद करू नकोस, ती एकदम सोडली तरी त्रास होतो. उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर बसव.

---

निळी_छत्री | बुधवार, सकाळी ७:०५

जुनी चाळ, कळवा गं.

---

दोन_किलोची | बुधवार, सकाळी १०:४०

धागाकर्तीच्या उत्तराची वाट बघतेच आहे. तोवर एक बाजू मांडते, कारण वाचणाऱ्याला वाटेल की कॅमेऱ्याने मोजणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

माझी मुलगी नवव्या महिन्याच्या खूप आधी झाली. २४ दिवस काचेच्या पेटीत होती. छातीला तारा, पायाला सेन्सर, सगळं चिकटपट्टीने. त्या बाळांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. पट्टी बदलताना ती सोलली जाते. तिच्या छातीवर अजून दोन पांढरे ठिपके आहेत. ऑक्सफर्डच्याच गटाने तिथल्या अतिदक्षता विभागात अशा बाळांवर कॅमेऱ्याने नाडी आणि श्वास मोजून बघितले आहेत, त्यांचाही अहवाल २०१४ चा. तिथे कॅमेरा पक्का बसवलेला, उजेड माहीत असलेला, आणि ताडून बघायला शेजारी नेहमीचं यंत्र चालू. हे तंत्र तिथून पुढे यावं असं मला मनापासून वाटतं. भाजलेल्या रुग्णांनाही उपयोग होईल.

आपल्या हातात आलंय ते मात्र उलट्या टोकाकडून, हप्त्यावर सूट द्यायला.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११:१५

दोन_किलोची, पट्टी काढण्याआधी कोमट पाण्याचा बोळा लावायचो आम्ही. तरी निघायची कातडी कधी कधी. तुझी लेक आता केवढी?

---

दोन_किलोची | बुधवार, सकाळी ११:१८

सातवीत. माझ्यापेक्षा उंच.

---

सोल्डरिंग_काका | बुधवार, दुपारी २:००

फोननेच मोजायची असेल त्यांच्यासाठी : चेहरा सोडा, बोट वापरा. मागच्या कॅमेऱ्यावर बोटाचं पेर ठेवायचं, शेजारचा दिवा लावायचा. बोटाने कॅमेरा झाकला की पंखा नाही, ट्यूब नाही, फक्त बोटातून आलेला लाल उजेड. गूगलने २०२१ मध्ये आपल्या फोनवर ही सोय दिली तेव्हा नाडीसाठी बोटच ठेवायला सांगितलं होतं, पुढचा कॅमेरा फक्त छातीची हालचाल बघून श्वास मोजायला. त्यांनाही चेहऱ्याचा मोह टाळावासा वाटला असेल, असा माझा तर्क.

चेहऱ्याने मोजायचीच तर दिवसा, खिडकीकडे तोंड करून, पंखा बंद, फोन डब्याला टेकवून, न बोलता. आणि व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर कुणाला तपासायला पाठवू नका. आकार कमी करताना रंगातले बारीक फरक आधी फेकले जातात, नाडी तिथेच संपते.

---

जुनी_चाळ | पुढचा गुरुवार, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा.

बुधवारी सकाळी डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी काढला. ठोके मंद, बाकी गंभीर काही नाही. गोळी अर्धी केली, आठवड्याने पुन्हा बोलावलं होतं. आज जाऊन आलो. नाडी ६२, भोवंडणं थांबलंय. दंडाचा पट्टा बांधायचं यंत्र घेतलं. डॉक्टरांना पंख्याचं सांगितलं तर ते आधी हसले, मग म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा," आणि कागदावर ३२४ गुणिले ३ लिहून घेतलं.

रात्रपाळी, तुम्हाला काय म्हणू? मावशी म्हणते. आईने तुमच्यासाठी तिळाची चटणी केली आहे, कुठे पोचवू ते निरोपात कळवा.

शेजारच्या मुलाने आता आईला बोटांनी नाडी मोजायला शिकवलं. ती मोजते आणि फोन करून सांगते, स्क्रीनशॉट बंद. फोटोचं तिला परवा सगळं समजावलं. पंखा, सावल्या, ७२. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बिड्या ओढून ओढून ह्यांची नाडी कधी नव्वदच्या खाली आली होती?"

---

टवाळ_पोपट | गुरुवार, रात्री ९:४१

आजींना साष्टांग नमस्कार.

---

निळी_छत्री | गुरुवार, रात्री १०:१०

बरं वाटलं वाचून. आमच्याकडे यंत्र आलं. १५२/९०. लोणचं वरच्या फळीवर, सासरे स्टुलावर.

---

सोल्डरिंग_काका | शुक्रवार, पहाटे ५:५२

जुनी चाळ, त्या पंख्याचा कंडेन्सर बदलून घ्या. चांगला पंखा ५ वर ३३५ पेक्षा जास्त फिरायला हवा. लोहार चाळीत मिळेल, जुना काढून सोबत न्या, त्यावर आकडा असतो.